दक्षिणेकडे तोंड केलेली छत्री

आमच्या धंद्यातला माणूस दक्षिणेकडे बघत बघत म्हातारा होतो. मी नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतो, पण पोटाला जे मिळालं ते सगळं दक्षिणेकडून आलं. बँकांच्या गच्चीवर, शाळांच्या पत्र्यावर, समाजमंदिरांच्या डोक्यावर ज्या पांढऱ्या थाळ्या दिसतात, त्या बसवण्यात आणि बिघडल्या की दुरुस्त करण्यात माझी सगळी उमर गेली. कंपनीच्या कागदात तिचं नाव व्हीसॅट. बुलडाणा जिल्ह्यात मात्र तिला कोणीही छत्रीच म्हणतं, आणि मी चिखलीचा युनूसभाई छत्रीवाला. एकदा धाड गावच्या बाजारात एका बाईनं मला पावसाळ्यातली मोडकी छत्री दाखवून, "हिची तार बसवून देता का हो भाई?" असं विचारलं. बसवून दिली. गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये.

आता ही छत्री करते काय, ते सांगतो. विषुववृत्तावर, जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एक उपग्रह आहे. पृथ्वी फिरते त्याच गतीनं तोही फिरतो, म्हणून आपल्या लेखी तो आभाळात एका जागी टांगलेला राहतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या वस्तूकडे छत्रीचं तोंड नेमकं रोखायचं, हे माझं काम. डाव्या हातात मीटर, उजव्या हातात पाना. बोल्ट केसभर फिरवायचा, मीटर काय म्हणतो ते ऐकायचं, पुन्हा केसभर फिरवायचा. छत्रीसमोर एका दांड्यावर मुठीएवढा डबा असतो. त्याला आम्ही पोरं मुंडकं म्हणायचो. छत्रीवर आभाळातून जे पडतं ते सगळं त्या मुंडक्यात गोळा होतं आणि तारेनं खाली जातं.

एवढं जमलं की गावातली म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते. तो अंगठा छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तिथून तेवढाच खाली कुठल्याशा मोठ्या शहरात उतरतो, तिथून बँकेत जातो. बँक ओळख पटवते, आणि "हो, हीच ती" हा निरोप पुन्हा त्याच वाटेनं वर चढून गावात उतरतो. म्हातारीनं अंगठा पदराला पुसेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. मला हे समजलेलं आहे. पटलेलं मात्र अजून नाही.

माझे अब्बा चिखलीच्या बाजारात कल्हईवाले होते. भाता, नवसागर, कथलाची कांडी आणि समोर काळवंडलेली पातेली. पितळेच्या भांड्यात चमक आणणं हेच त्यांचं आयुष्य. पुढे स्टील आलं, कल्हई गेली, आणि मी आयटीआय करून या कंपनीत लागलो. अब्बांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी बँकेत मोठा साहेब आहे. मी गच्चीवर असतो एवढंच त्यांना माहीत होतं, आणि साहेब लोक वरच्या मजल्यावर बसतात, असा त्यांचा हिशोब.

पहिली छत्री मी बीबी गावात बसवली. दुसरी तिथूनच जवळच्या एका खेड्यात. तिथं एक पांढऱ्या मिशांचे आजोबा सकाळपासून माझ्यामागे उभे. शेवटी न राहवून म्हणाले, "घराचं दार कोणी दक्षिणेले करत नाई. अन् तुम्ही पैशाचं तोंडच यमाकडे करून राह्यले?"

मी म्हटलं, "बाबा, उपग्रह तिकडंच हाये. आपल्या देशाच्या खाली, समुद्राच्या वर."

"म्हंजे लंकेकडे?"

"हाव, तिकडंच. थोडं पुढं."

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग बराबर हाये. सोन्याची लंका. पैसा तिकडूनच येईन." आणि त्यांनी स्वतःच चार माणसं बोलावून मला खांब उभा करून दिला. पुढं कुठल्याही गावात कोणी दिशेची हरकत घेतली की मी हेच सांगत आलो. कंपनीच्या पुस्तकात असं उत्तर नाही.

वानरांचा त्रास वेगळा. एका शाखेत रोज सकाळी लिंक जायची आणि उन्हं वर आली की आपोआप यायची. साहेब लोक फोनवर फोन करत होते. मी पहाटेच जाऊन गच्चीवर दबा धरून बसलो, तर एक मोठा हुप्प्या आला, मुंडक्याच्या दांड्यावर ऐटीत बसला आणि अंग शेकून झाल्यावर निघून गेला. बँकेचा सगळा कारभार त्याच्या बुडाखाली अडकला होता.

पण मला सांगायचं आहे ते हिवरपाणीचं. गावाचं खरं नाव लिहीत नाही. सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोदच्या पुढं कच्च्या रस्त्यानं जावं लागतं असं हे गाव. चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळे मोबाइलची एक काडीही येत नाही. टॉवरवाले आले, बघितलं आणि परत गेले. छत्रीचं तसं नसतं. आपल्याकडून उपग्रह जवळजवळ डोक्यावरच, थोडा दक्षिणेला कललेला. डोंगर बाजूनं आडवे येतात, वरून कोणी आडवं येत नाही. ज्या गावाला कुठूनच वाट नव्हती त्याला वरून वाट होती.

त्याआधी तिथल्या बाया निराधारचे पैसे, रोजगार हमीची मजुरी आणायला काळीपिवळी जीपनं तालुक्याला जायच्या. दिवसाची मजुरी बुडवून, जीपचं भाडं देऊन बँकेच्या दारात पोचायचं, आणि आतून आवाज यायचा, "लिंक नाही, उद्या या." या तीन-चार शब्दांनी आमच्या जिल्ह्यात किती बायांना रडवलंय त्याची गणती नाही. पुष्कळदा त्या बँकेची लिंक दुरुस्त करायला मीच चाललेला असायचो, आणि माझ्या बाजूनं त्या रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरायच्या.

मग हिवरपाणीच्या समाजमंदिरावर छत्री बसली. खाली एका खोलीत टेबल, अंगठ्याचं यंत्र, बॅटरी, आणि खुर्चीवर सुमन. सुमन गवई, वय तिशीच्या आत, बारावी शिकलेली, घर बुद्धविहाराच्या मागे. नवरा पुण्याकडे बांधकामावर. बँकेनं तिला तालुक्याला बोलावून शिकवलं आणि बँकमित्र केलं, म्हणजे गावातली चालतीबोलती शाखा. लोकांचा अंगठा घ्यायचा, गल्ल्यातून पैसे द्यायचे, पावती द्यायची. ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "भाई, हे यंत्र बंद पडलं तर लोक यंत्राले नाई, मले बोलतीन." मी हसलो होतो. तिला तिचं गाव माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पहिला अंगठा गिरजाबाईचा. सत्तरीची बाई, गुडघ्यानं अधू, पण तोंडानं तरतरीत. तिनं अंगठा ठेवला, यंत्र मराठीत बोललं, पावती आली, सुमननं पैसे दिले. गिरजाबाईनं पैसे कमरेला खोचले, पण उठेना. अंगठा डोळ्यांसमोर धरून बघत बसली.

"भाऊ, हा वर गेल्ता म्हंते थे सुमन."

"हाव, माय."

"पार आभायात?"

"आभाळाच्याही वर."

"अन् तितून वयखलं मले?" तिनं अंगठ्यावर फुंकर घातली. "इथं तालुक्याचा सायब समोर बसून वयखत नाई."

खोलीतले सगळे हसले. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. मीसुद्धा बाहेर येऊन उगाच तार तपासली. इतक्या छत्र्या बसवल्या, पण आपण काय करतो हे मला त्या बाईनं सांगितलं.

दोन वर्षं झकास चाललं. गावात मोबाइल चालत नसला तरी छत्रीच्या वायफायवरून सुमन मला निरोप पाठवायची. एकदा भाद्रपद संपता संपता तिचा निरोप आला: "भाई, रोज दुपारी जेवाच्या टायमाले लिंक जाते. मंग येते."

मी लगेच ओळखलं. वर्षातून दोनदा, होळीच्या आगेमागे आणि पोळा-गणपती उलटल्यावर, काही दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. छत्री उपग्रहाकडे बघते, म्हणजे तेव्हा ती थेट सूर्याकडे बघत असते. सूर्य नुसता उजेड देत नाही, रेडिओच्या लहरींचा गोंगाटही करतो. वरातीच्या बँडजवळ उभं राहून कोणी कानात कुजबुजावं तसं होतं. उपग्रह बोलत असतो, पण ऐकू काही येत नाही. थोड्या वेळानं सूर्य पुढे सरकला की सगळं पूर्ववत. याला इलाज नाही आणि इलाजाची गरजही नाही. मला तर ते दिवस आवडतात. एवढा मोठा सूर्य, खोलीएवढा उपग्रह आणि समाजमंदिरावरची छत्री, तिघं एका सुतात येतात, आणि खाली गावात कोणाला पत्ता नसतो. मी सुमनला कळवलं, "घाबरू नका ताई. सूर्य आडवा येतो. आठवडाभर जेवणाच्या वेळेला यंत्र बंद ठेवत जा."

"बरं," असा तिचा निरोप आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

काही दिवसांनी एका अनोळखी नंबरावरून फोन. वारा जोरात वाहत होता. सुमन डोंगराच्या माथ्यावर चढून आली होती, तिथं एक-दोन काड्या मिळतात. ती रडत होती. तुटक तुटक जे कळलं ते असं.

गिरजाबाई पैसे काढायला आली होती. सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस, तिला परत शेतावर भाकरी न्यायची घाई. दुपारची वेळ जवळ आली होती, पण अजून अवकाश आहे असं सुमनला वाटलं. गिरजाबाईनं अंगठा दिला, अंगठा वर गेला, आणि लिंक तुटली. पावती आलीच नाही. सुमन म्हणाली, "आजी, पैसे निघाले नाईत. उद्या या." पण लिंक त्या दिवशी गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडी बाजाराला गिरजाबाईचा मुलगा गजानन तालुक्याला गेला. तिथं त्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश येऊन पडला: खात्यातून पैसे काढले. म्हाताऱ्या आईला पैसे मिळाले नाहीत आणि बँक म्हणते दिले. गजाननानं गावात पाय ठेवला तो बोंबलतच, "सुमीनं माह्या मायचे पैसे खाल्ले!"

हे असं कधीकधी होतं. अंगठा बँकेपर्यंत पोचतो, बँक पैसे वळते करते, आणि परतीचा निरोप वाटेत हरवतो. मग चार-सहा दिवसांत बँक आपणहून ते पैसे खात्यात परत टाकते. सुमननं हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कोण ऐकतो? परत आले की नाही हे बघायचं तर यंत्र बंद. तालुक्याला जाऊन बघावं तर गिरजाबाईचाच अंगठा लागणार, आणि तिचा गुडघा जीपमध्ये चढू देत नव्हता. सोंगणी सोडून पुन्हा तालुक्याला जायला गजानन तयार नव्हता. त्याच्या मते जे बघायचं ते त्यानं बघितलं होतं.

"लोक म्हंतात यंत्र काढून घ्या हिच्यापासून," सुमन म्हणाली. "भाई, मी घरातून भरून देल्ले असते. पण सासू म्हंते, भरून देशीन तर चोर ठरशीन. अन् नाई देल्ले तरी चोरच हावो मी. सांगा, काय करू?"

 "काही करू नका, मी येतो," एवढंच म्हणालो.

मी पोचलो तेव्हा समाजमंदिरासमोर अर्धं गाव जमलेलं. सुमन दाराशी उभी होती, पदर घट्ट आवळून. तिच्या बाजूला कोणी नव्हतं. गजानन ओट्यावर. धिप्पाड माणूस, हातात विळा, बहुतेक सरळ शेतातून आला असावा. मला बघून म्हणाला, "आले का साक्षीदार! चला, दाखवा आता सुमीची करामत."

मी शिडी लावली. वर डोकं काढलं आणि डोळेच दिपले. छत्री चांदीच्या ताटासारखी झळझळत होती. तिला चंदेरी ऑइलपेंट फासला होता, आणि रंग ओला असतानाच त्यावर कडेकडेनं चंदेरी बेगड चिकटवला होता. बेगड म्हणजे तो चमकणारा पातळ कागद, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो. दांड्याला रंगीत गोंडा, पावसानं विटलेला. आणि समोरचं मुंडकं? त्याचं प्लॅस्टिकचं झाकण वितळून खाली ओघळलं होतं, आतलं सगळं कोळसा.

 कंपनी छत्रीला मुद्दाम मळका, खरबरीत पांढरा रंग देते. रेडिओच्या लहरी त्यावरून परत फिरतात आणि मुंडक्यात जमतात, ऊन मात्र विखरून जातं. इथं तसं राहिलं नव्हतं. चमकत्या छत्रीनं लिंक बिघडली नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही. मग सूर्य उपग्रहाच्या पाठीमागे आला, नेमका रेषेत, आणि छत्रीनं उन्हालाही गोळा करून मुंडक्यात ओतलं. लहानपणी आपण भिंगानं कागद जाळायचो, ते इथं साक्षात आभाळानं केलं होतं. माझ्या अब्बांची हयात चमक आणण्यात गेली, आणि पोराच्या नशिबी चमकेनंच जळलेलं मुंडकं. मी किती वेळ तसाच बघत उभा राहिलो कोण जाणे. राग यायला हवा होता, पण आला नाही. मनात एवढंच आलं, की मी यंत्र बिघडलेली पुष्कळ बघितली, पण सूर्यानं बिघडवलेलं हे पहिलंच.

खाली वाकून विचारलं, "छत्री कोणी रंगवली?"

 मग मागून काठी टेकत गिरजाबाई पुढं आली. ज्या बाईचे पैसे अडकले होते तीच.

"म्या रंगवाले लावली," ती म्हणाली. "पोयाले. काऊन, काई चुकलं?"

"माय, छत्रीले कोणी बेगड लावते का?"

"मंग कोणाले लावू?" तिचा आवाज चढला. "आमच्या घरी आता बैल नाई, टॅक्टर लावतो आमी. पोयाले सारे आपापले बैल सजवून राह्यले, अन् माह्या घरी बेगड तसाच पडेल. जो राबते त्याची पूजा कराव, असं माह्या सासूनं शिकोलं मले. आता या गावात माह्यासाठी कोण राबते? हेच ना? ऊन नाई, पाऊस नाई, रातदिवस तोंड वर करून उभी हाये बिचारी."

 मी हळूच विचारलं, "वर चढलं कोण?"

गिरजाबाईनं काठीनं ओट्याकडे दाखवलं. "गजानन. मीच धाडलं त्याले."

गजाननाचा विळ्यावरचा हात सैल पडला. मी शिडी उतरून ओट्यापाशी गेलो आणि जमिनीवर काडीनं काढून सगळ्यांना दाखवलं: हा सूर्य, हा उपग्रह, ही छत्री, हे मुंडकं. वळलेला उजेड कसा एका जागी जमतो, मुंडकं कसं जळलं, आणि गिरजाबाईच्या अंगठ्याचं उत्तर कसं वाटेतच राहिलं. लोक वाकून वाकून बघत होते. एकानं हात जोडले, काडीनं काढलेल्या सूर्यालाच.

"म्हंजे आमीच जायली," गजानन हळूच म्हणाला.

"कोणी जाळली नाही," मी म्हटलं. "पण सुमनताईनं पैसे खाल्ले नाहीत."

"थे अजून दिसाचं हाये," मागून कोणीतरी बोललं. खरंच होतं. मुंडकं कशानं जळलं हे कळलं म्हणून पैसे परत आले असं थोडंच होतं!  चार-सहा दिवसांचा नियम कागदावर असतो. कधी कधी पैसे अडकून बसतात, अर्ज करावे लागतात, महिना जातो. तसं झालं असतं तर सुमनला त्या गावात राहणं कठीण होतं. ती दाराशी तशीच उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, काडीनं काढलेल्या सूर्याकडेही नाही. नुसती यंत्राकडे बघत होती.

गजानन उठला, विळा बाजूला ठेवला आणि न सांगता शिडी चढला. रॉकेल, चिंध्या, काचकागद घेऊन त्यानं बेगड खरवडला, चंदेरी रंग घासला, खालचा मळका पांढरा दिसेपर्यंत. मी नवं मुंडकं बसवलं. मग पाना, मीटर, केसभर इकडे, केसभर तिकडे. दुपारचा सूर्य कधीच पुढं सरकला होता. मीटर एकदा कण्हला, मग सूर धरला. हा सूर ऐकला की माझा सगळा शीण जातो, आजही. कोणीतरी इतक्या लांबून हाक ऐकली आणि ओ दिली, असं वाटतं.

खाली सुमननं यंत्र लावलं.  "आजी, या," एवढंच म्हणाली.

गिरजाबाई खुर्चीवर बसली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांतून डोकी. अंगठा काचेवर टेकला. एरवी एवढ्यात उत्तर येतं की विचार करायला सवड मिळत नाही. त्या दिवशी मी तो अंगठा सबंध रस्ताभर मनात बघितला. वर गेला, त्या तिथं टांगलेल्या खोलीएवढ्या वस्तूला लागला, खाली उतरला, कोणा अनोळखी शहरात कोणा यंत्रानं त्याला ओळखलं, आणि तो परत निघाला. श्वास रोखला की एवढा वेळही फार मोठा असतो.

यंत्र बोललं. खात्यात किती आहेत तो आकडा त्यानं सगळ्यांसमोर, बाईमाणसाच्या ठणठणीत आवाजात सांगितला. अडकलेले पैसे परत आले होते. सगळे.

 खिडकीतली डोकी एकेक करून खाली गेली. सुमननं डोळे मिटले, उघडले, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आजी, काढाचे हायेत ना तुम्हाले? किती काढू?"

मला वाटलं आता गिरजाबाई पैसे घेईल आणि प्रकरण मिटेल. सुमनवरचा डाग पुसला गेला, असं मी मनात म्हणतही होतो. पण ते खरं नव्हतं. बँकेनं तिला निर्दोष म्हटलं होतं, गावानं नाही. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होतं, आणि गजानन दारात खाली मान घालून उभा.

गिरजाबाई सुमनकडे बघत राहिली. मग मान वळवून मुलाला म्हणाली, "जाय घरी. तुरीच्या दायीच्या डब्यात खाली फडक्यात पैसे गुंडायेल हायेत, थे घेऊन ये."

"कायले मा?"

"जाय म्हन्लं ना!"

तो गेला. तोवर त्या यंत्रावर फक्त काढायचं काम होत असे. सरकारकडून आलं की काढायचं, मजुरी आली की काढायची, हातात येईपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर नसे. ठेवायला म्हणून त्या टेबलासमोर अजून कोणी बसलं नव्हतं. घरातले चार पैसे घरातच, डाळीत, पेंढ्यात, उतरंडीत. सुमननं दोन वर्षं सांगून बघितलं होतं, लोक माना डोलवायचे आणि निघून जायचे.

गजानन धापा टाकत परत आला, हातात पिवळं फडकं. त्यानं ते आईच्या मांडीवर ठेवायला वाकून हात पुढं केला. गिरजाबाईनं तो हात काठीनं अडवला.

"मले नको. सुमनले दे. तूच दे तिच्या हातात, अन् सांग, मायच्या खात्यात ठेव म्हना."

 गजानन टेबलासमोर आला.  त्यानं फडकं दोन्ही हातांनी पुढं केलं आणि म्हणाला, "सुमनताई, मायचे हायेत. ठेवून घ्या. मोजून घ्या."

सुमननं ते दोन्ही हातांनी घेतलं. इतके दिवस आवरून धरलेलं पाणी तेव्हा तिच्या डोळ्यांतून खाली आलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

"आजीनं मोजलेच असतीन," ती म्हणाली. गिरजाबाईनं सांगितला तो आकडा तिनं यंत्रावर घातला, फडकं न उलगडताच गल्ल्यात ठेवलं आणि म्हातारीचा अंगठा आपल्या हातानं उचलून काचेवर टेकवला.